पावसाचे दोन रकाने

सरकारी कपाटात गेलेली वस्तू सहसा बाहेर येत नाही. पाऊस मोजायच्या यंत्राचा हा इलेक्ट्रॉनिक बोर्ड आला, कारण १९८८ च्या मार्चमध्ये वरून पत्र आलं की यंत्र बसवलंत का, आणि कार्यालयात ते सुरू कसं करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कार्यालय महाडचं, पावसापाण्याच्या नोंदी ठेवणारं. खात्याचं नाव सांगून काही साधणार नाही. तिथल्या उपअभियंता साहेबांनी आमच्या मॅनेजरला फोन केला. मी तेव्हा महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. दाबाचे काटे, तापमानाचे तक्ते, बिघडलेले रिले, हे माझं काम. मॅनेजर म्हणाले, "काशीराम, तू बघून ये. नाही जमलं तर नाही म्हणून सांग." नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही, हे ठाऊक असल्यामुळेच त्यांनी मला पाठवलं.

बोर्ड शाळेच्या पाटीएवढा होता. मधोमध चाळीस पायांची काळी चिप, शेजारी मेमरीच्या दोन, खाली वीस बटणं आणि वर कॅल्क्युलेटरवर असतात तसले काळे आकडे. त्याचं कौतुक एवढंच की तो वीज अगदी थोडी खायचा. टॉर्चचे चार सेल घातले की अख्खा पावसाळा निघेल, असं पुस्तकात लिहिलं होतं. पुस्तक म्हणजे इंग्रजीतली साठ पानांची झेरॉक्स. त्यातलं अकरावं पान दोनदा होतं आणि बारावं नव्हतंच.

मी तो घरी आणला. पहिल्या रविवारी तो हूं का चूं करेना. दुसऱ्या रविवारी मी त्याच्याकडून एक दिवा लावून घेतला. बटणं दाबून एकेक आकडा मेमरीत भरायचा. असे पंचवीस आकडे बिनचूक भरले की बोर्डावरचा बारीक लाल दिवा दर सेकंदाला लागतो आणि विझतो. मी तो बायकोला, मंजुळाला, बोलावून दाखवला. ती म्हणाली, "एवढ्यासाठी दोन रविवार? मी काडी ओढून लावला असता." तिचं चुकलं नव्हतं.

मला मात्र त्या बोर्डाची एक गोष्ट आवडली. त्याला आधी झोपायला शिकवावं लागतं. एक हुकूम दिला की चिप झोपते, फक्त घड्याळ चालू ठेवते. तारेवरून टिचकी आली की जागी होते, नेमून दिलेलं काम उरकते आणि पुन्हा आडवी होते. सेल टिकतात ते त्यामुळे. आमच्या कारखान्यात तिसऱ्या पाळीची काही माणसं नेमकं हेच करायची, पण त्यांना मेमो मिळायचे.

टिचकी द्यायला एक वेगळं उपकरण होतं. वर नरसाळं, खाली दोन छोट्या वाट्यांचा झोका. एक मिलिमीटर पाऊस साठला की भरलेली वाटी कलते, पाणी सांडतं आणि रिकामी वाटी वर येते. प्रत्येक कलण्याला एक टिचकी. चिपने टिचक्या मोजायच्या, रात्रीचे बारा वाजले की त्या दिवसाची बेरीज त्या तारखेच्या खणात टाकायची आणि पुन्हा शून्यापासून मोजायला लागायचं. ज्या तारखेचा पाऊस हवा ती तारीख बटणांवर दाबली की आकडा समोर. हा सगळा प्रोग्राम मी स्वतः लिहिला. बारा वाजता दिवस संपतो, यात कुणाला काय विचारायचं?

तिसऱ्या रविवारी घरातच पाऊस पडला. झोका कोरडा ठणठणीत, तरी मी बोर्डाजवळ हात नेला की आकडे धावायचे. मंजुळा पिठाच्या हातांनी जवळ येऊन उभी राहिली तर सतरा मिलिमीटर. दुपारभर डोकं खाजवल्यावर कळलं, चिपचा एक पाय मी कशालाच न जोडता मोकळा सोडला होता. इतकी कमी वीज खाणाऱ्या चिपला हवेतली कुणकुणसुद्धा टिचकी वाटते. तिथे एक रेझिस्टर जोडला आणि पाऊस थांबला. हरवलेलं बारावं पान बहुतेक त्याच पायाबद्दल असावं. ते नसताना आपण वाट काढली, म्हणून मी आठवडाभर स्वतःवर खूश होतो. तो आनंद मला महागात पडला, कारण त्यानंतर मी त्या बोर्डावर शंका घ्यायचं सोडून दिलं.

मे संपता संपता साहेबांनी खरं कारण सांगितलं. पोलादपूर तालुक्यात वर डोंगरावर कुडपण आहे. तिथला पाऊस महिपती नावाचा एक शेतकरी एकोणीस वर्षं मोजत होता. त्या आकड्यांवरून खाली नदीला किती पाणी येईल याचा अंदाज बांधायचे, आंबेनळी घाटाचा रस्ता बंद ठेवायचा का तेही ठरवायचे. "मला त्या म्हाताऱ्याचे आकडे पटत नाहीत," साहेब म्हणाले. "गेल्या वर्षी महाडला वीस मिलिमीटर आणि हा लिहितो एकशे नव्वद. घरी बसून भरतो, दुसरं काय. तुझं यंत्र त्याच्या शेजारी बसव. ऑगस्टमध्ये दोन्ही रकाने समोरासमोर ठेवू." साहेबांना महाडला येऊन वर्ष झालं होतं. कुडपणला ते अजून एकदाही गेले नव्हते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी गेलो. पोलादपूरपर्यंत एसटी, पुढे चाकं जातील तिथपर्यंत खात्याची जीप, आणि मग पायी. बोर्डाची पेटी मी कुणाच्या हाती दिली नाही, स्वतःच्या डोक्यावरून नेली.

महिपती साठीच्या पुढचा, अंगाने काटक, बोलायला सावकाश. त्याने आधी मला पर्जन्यमापक दाखवला. घरापासून दोन शेतं ओलांडून, उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट माळावर, तारेच्या कुंपणात. नरसाळ्याखालच्या बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, रेघ वाचायची, वहीत लिहायची. वही खात्याची छापील. प्रत्येक पानाच्या माथ्यावर 'सकाळी ८.३०' असं ठळक छापलेलं. नोंद पेन्सिलीने, कारण पावसात शाई ओघळते.

"थोरला भाऊ ग्येला त्या दिवशी बी मी आधी हितं आलो," तो म्हणाला. "पानी मापलं, लिवलं, आनि मंग सरणाकडं ग्येलो. लोक बोललं. बोलू दे म्हनलं. भाऊ काय आता उटत नाय, पन पानी र्‍हायलं तर उद्याच्यात मिसळतंय."

घरी आल्यावर ओटीवर बसलो. महिपतीने विचारलं, "मेस्त्री, कुटलं तुमी?"

"महाडचा."

"महाडात कंच्या आळीत?"

मी सांगितलं. आळीचं नाव ऐकल्यावर त्याला पुढचं काही विचारायची गरज पडली नाही. त्याला कळायचं ते कळलं, आणि त्याला कळलं हे मला कळलं. त्याची बायको साळूबाई आत गेली आणि चहा घेऊन आली. त्या दोघांना स्टीलचे पेले, मला वळचणीला ठेवलेला कान तुटका कप. कपाशेजारी तिने पाण्याचा तांब्याही आणून ठेवला, म्हणजे कप मी विसळायचा. चहा चांगला होता, गुळाचा. मी प्यालो, कप विसळला, पालथा घातला आणि काही बोललो नाही. बोललो नाही म्हणजे विसरलो असं नव्हे.

यंत्र बसवायला दीड दिवस लागला. कुंपणातच एक खांब रोवला, त्यावर झोका, खाली पत्र्याच्या डब्यात बोर्ड. आता म्हाताऱ्याला निदान आकडा बघायला शिकवणं भाग होतं, कारण मी महिनोन्महिने वर येणार नव्हतो. इथे एक अडचण होती. चिप सोळाच्या हिशेबाने मोजते. नवाच्या पुढे दहा येत नाही. ए येतो, मग बी, सी असं करत एफ, म्हणजे पंधरा. त्याच्या पुढे एक आणि शून्य, पण ते दहा नव्हे, सोळा. ते आपल्या आकड्यांत आणून दाखवायचा प्रोग्राम मी कंटाळा करून लिहिला नव्हता. कारखान्यातल्या दोन पदवीधर इंजिनियरांना हे समजावताना माझ्या तोंडाला फेस आला होता. म्हाताऱ्यापुढे मी कागदावर सगळं मांडलं आणि वाट बघत राहिलो.

महिपती थोडा वेळ कागदाकडे बघत बसला. "म्हंजे सोळा आन्याचा रुपाया," तो म्हणाला. "पुडचा आकडा रुपयं, मागला आनं. मंग ह्यात शिकायचं काय?"

मी सी आणि आठ असं लिहून त्याच्यापुढे धरलं. "सी म्हणजे बारा. मग हे किती?"

"बारा रुपयं आट आनं. सोळा बारं येकशे ब्यान्नव, वर आट. दोनशे मिलिमीटर." मग त्याने मलाच विचारलं, "आसा पाऊस यील का औंदा?"

मला तो माणूस तिथल्या तिथे आवडायला हवा होता. पण मध्ये कप आला होता. मी नुसतं "बघू" म्हणालो, तारीख दाबून जुना आकडा कसा काढायचा ते दाखवलं आणि डोंगर उतरलो.

जुलै संपल्यावर मी एकदा वर जाऊन त्या महिन्याचे दोन्ही रकाने डायरीत उतरवून आणले आणि साहेबांना दाखवले. साहेबांनी दोन-चार तारखा ताडून पाहिल्या आणि खूश झाले. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ते स्वतः कुडपणला निघाले, आणि मला बरोबर घेतलं.

पोलीस पाटील रावजी यांच्या ओटीवर बैठक झाली. वीस-पंचवीस माणसं जमली, बाया दाराआड. साहेबांना खुर्ची, मला बाक. महिपती वही मांडीवर घेऊन खाली बसला. साहेब माझ्या डायरीतून एकेक तारीख वाचू लागले. अकरा जुलै. वही बावीस म्हणते, यंत्र सत्तर. बारा जुलै. वही चौऱ्याऐंशी, यंत्र एक्केचाळीस. अशा पंधरा-सोळा तारखा त्यांनी सगळ्या गावासमोर वाचल्या. एकही जुळत नव्हती.

"मी रोज साडेआटला जातो," महिपती म्हणाला.

"जात असाल," साहेब म्हणाले. "पण आकडे वेगळं सांगतात. एका दिवशी निम्मा, एका दिवशी दुप्पट. हे मापाचं काम नाही, हे अंदाजाचं काम आहे."

दाराआडून साळूबाई बाहेर आली. "गेल्या साली पाय मुरगाळला तवा सरपटत ग्येला ह्यो मानूस. मी म्हनलं आजच्या दिस र्‍हाऊ द्या, तर मला वरडला. आनि तुमी कंच्या डब्याचं आयकताय?"

साहेब माझ्याकडे वळले. "काशीराम, यंत्र चुकू शकतं का?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "सांगितलंय तेवढंच करतं ते."

मग रावजींनी विचारलं, "म्हंजे वही खोटी?"

साहेब माझ्याकडेच बघत राहिले. मी म्हणालो, "यंत्र खरं असेल तर वही खोटी."

महिपतीने वही मिटली. एक म्हातारा उठून गेला, मग एकेक करत सगळे उठले. एकोणीस वर्षं गावाने त्याला साडेआठला सड्याकडे जाताना पाहिलं होतं; पण जाताना पाहणं वेगळं आणि साहेब आकडे वाचतात ते वेगळं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? उतरताना मी साहेबांच्या पुढे चालत होतो आणि माझे पाय हलके पडत होते.

महिपतीला काढून टाकायचं पत्र लगेच निघणार नव्हतं. हंगाम संपेपर्यंत त्याने नोंदी करत राहायच्या आणि सप्टेंबरअखेर वही कार्यालयात जमा करायची, असं साहेबांनी त्याला सांगितलं होतं. वही आली की ती पुरावा म्हणून जोडून पत्र वर जाणार होतं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी सात वाजता मी पहिल्या पाळीला गेलो. रात्रपाळीचा ऑपरेटर सहदेव निघायच्या आधी लॉगबुक भरत होता. मध्यरात्रीनंतरचं, अगदी पहाटे पाचचं उत्पादनसुद्धा त्याने आदल्या दिवसाच्या तारखेखाली लिहिलं. त्यात नवल काहीच नव्हतं. कारखान्याचा दिवस सकाळी सातला सुरू होतो आणि दुसऱ्या सकाळी सातला संपतो. पाच वर्षं मी ते बघत होतो. त्या दिवशी माझ्या हातातला पाना तिथेच राहिला.

"काय रे काशीराम, भूत बघितलंस काय?" सहदेव म्हणाला.

घरी येऊन मी डायरी काढली. जुलैचे दोन्ही रकाने होतेच. तारखेला तारीख ताडून आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं, पण बेरीज कुणीच केली नव्हती. ती आता मी केली. महिपतीच्या वहीचा जुलै एक हजार नऊशे शहाऐंशी मिलिमीटर. यंत्राचा एक हजार नऊशे एक्काहत्तर. महिन्याभरात फरक पंधरा मिलिमीटरचा, तोही झोका कलताना थोडं पाणी बाहेर उडतं म्हणून. घरी बसून आकडे भरणाऱ्याची बेरीज जुळवून द्यायला पाऊस काही येत नाही.

म्हाताऱ्याचा दिवस साडेआठ ते साडेआठ. माझ्या यंत्राचा बारा ते बारा. अकराच्या संध्याकाळी आणि रात्री कोसळलेला पाऊस यंत्राने अकराला टाकला आणि म्हाताऱ्याने बाराच्या सकाळी मोजून बाराला, खात्याच्या नियमाप्रमाणे. त्याच्या वहीच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर तो नियम छापलेला होता. मी तो वाचलाही होता; मला वाटलं, ही नुसती सड्यावर जायची वेळ. साहेबांना साडेआठचा नियम माहीत होता, पण यंत्राचा दिवस कधी संपतो ते माहीत नव्हतं. मला यंत्राचं माहीत होतं. दोघांनी मिळून एका खऱ्या माणसाला खोटं ठरवलं.

हे कळल्यावर मी ताबडतोब धावलो असं सांगता आलं तर बरं झालं असतं. मी आठवडाभर काही केलं नाही. साहेबांपुढे आपली चूक कबूल करायची, मॅनेजरला कळणार, आणि हे सगळं कुणासाठी, तर ज्याच्या घरी मला कप विसळावा लागला त्याच्यासाठी. मी जेवताना बोलेनासा झालो तेव्हा मंजुळाने खोदून खोदून विचारलं. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "त्यांनी कप वेगळा ठेवला, ते पाप त्यांच्या पदरात. तुम्ही त्यांना खोटं ठरवलंत, ते तुमच्या. दोन्ही एका तागडीत कशाला घालता?"

"मी खोटं बोललो नाही. चुकलो," मी म्हणालो.

"मग चुकलो म्हणून सांगून या. रविवारीच जा."

सोमवारी साहेबांकडे जायचं आणि आधी रविवारी कुडपणला, असं मी ठरवलं. पाऊस उघडला होता. चढताना मी माफीचे शब्द जुळवत होतो. लांबलचक नको, रडकी नको, जे झालं ते तीन वाक्यांत. वर पोहोचेपर्यंत ती तीन वाक्यं तोंडपाठ झाली.

महिपती अंगणात दोरी वळत होता. मी उभ्या उभ्याच बोललो. यंत्राचा दिवस मी चुकीचा लावला. तुमचं माप पहिल्यापासून बरोबर होतं. सगळ्या गावासमोर मी तुम्हाला खोटं पाडलं, त्याची माफी मागायला आलोय.

त्याने दोरी खाली ठेवली. "म्हंजे माजं बराबर व्हतं?"

"होतं."

"सगळं?"

"सगळं. मी बेरीज करून पाहिली."

त्याने दोरीचं टोक उचललं आणि सुटलेला पीळ पुन्हा घातला. मला वाटलं, त्याला आनंद झाला आणि तो दाखवत नाही. मी म्हणालो, "चला रावजींच्या ओटीवर. लोकांसमोर बोललो होतो, लोकांसमोर परत घेतो."

"नको मेस्त्री," तो म्हणाला. "ऱ्हाऊ द्या. मला सांगितलंत, झालं."

"तसं कसं? माणसं तुम्हाला काय समजतात आता?"

"समजू द्या. नको."

हा त्याचा मोठेपणा, असं मी समजलो. आणि खरं सांगायचं तर, चार लोकांसमोर मोठेपणाने चूक कबूल करणाराही मला व्हायचं होतं. मी ऐकलं नाही. स्वतःच रावजींकडे गेलो, माणसं बोलावली. रविवार असल्यामुळे सगळी घरीच होती. महिपतीला शेवटी यावं लागलं. तो वही घेऊन आला नाही.

मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. बारा ते बारा, साडेआठ ते साडेआठ. समजावं म्हणून कारखान्याच्या पाळ्यांचं उदाहरण दिलं. मुंबईच्या गिरणीत काम करून आलेल्या दोघांना ते लगेच पटलं आणि त्यांनी इतरांना पटवलं. शेवटी मी म्हणालो, "महिपतीबाबांची वही खरी आहे. चूक माझी."

माणसांत कुजबुज झाली. कुणीतरी मोठ्याने हसलं, चांगल्या अर्थाने. साळूबाईने डोळ्यांना पदर लावला. रावजी खुशीत येऊन म्हणाले, "मंग आना की वही. त्या दिशी खोटं म्हनून वाचली, आता खरं म्हनून वाचू. मेस्त्री, तुमीच वाचा."

महिपती जागचा हलला नाही. रावजींनी त्याच्या घरी माणूस धाडला. तो वही घेऊन आला आणि त्याने ती माझ्या हातात दिली. मी जुलै उघडला. अकरा जुलै, सत्तर. बारा जुलै, एक्केचाळीस. मागची-पुढची सगळी पानं तशीच, खाडाखोड नाही, पेन्सिलीचे नवे काळे आकडे. कागद मात्र खोडरबराने घासून इतका पातळ झालेला की पलीकडच्या रेघा दिसत होत्या.

"ही कुणी बदलली?" मी विचारलं.

"मी," महिपती म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता. "साहेब ग्येल्यावर दोन दिस सड्यावर बसलो. येक येक तारीख दाबली, रुपयं आनं मोजलं आनि लिवलं. साहेब म्हनलं यंत्र खरं. तुमी शिकल्यालं मानूस, तुमी बी म्हनलात. म्हनलं, माजंच डोळं ग्येलं आसंल. काचंवरची रेघ मला दिसत नसंल आनि मी येवडी वर्सं खोटं लिवत आसंन. वही कचेरीत जायाची. ती तरी खरी जावी."

"आणि त्यानंतरचे दिवस?"

"जातो की साडेआटला. मापतो. वततो. लिवतो यंत्राचं."

मी म्हणालो की जुलैचे आकडे माझ्या डायरीत आहेत, ते परत भरता येतील. रावजींनी विचारलं, "आनि जून? आनि आगस्टपास्नं?" ते आकडे माझ्याकडे नव्हते. ते कुणाकडेच नव्हते. महिपतीने रोज मोजले होते आणि रोज सड्यावर ओतून दिले होते.

रावजींनी माझ्या हातातून वही घेतली, उलटसुलट केली आणि परत माझ्यापुढे धरली. त्यांच्या बोलण्यात रागही नव्हता. त्यांना फक्त नीट समजून घ्यायचं होतं. "मेस्त्री, साधं सांगा. ह्यी वही आता सायबाच्या हातात जानार. ह्यी खरी का खोटी?"

मी महिपतीकडे पाहिलं. त्याने मान वर केली होती आणि तोही माझ्या उत्तराची वाट बघत होता, बाकीच्यांसारखाच.

त्याच ओटीवर, त्याच माणसांसमोर, मी दुसऱ्यांदा म्हणालो, "खोटी." या वेळी माझं बरोबर होतं.